सोलापूर ते अंकोला: 52 नंबरचा हायवे शेवटपर्यंत, मग घाटातलं जंगल आणि किनारा

होटगीकर

दिवाळी जवळ आली की ऑफिसात, कट्ट्यावर, सोसायटीत एकच चर्चा सुरू होते: गोवा की महाबळेश्वर. गाडी काढून कुठे जावं म्हणून यंदाही बऱ्याच जणांनी विचारलं. फोनवर प्रत्येकाला सांगण्यापेक्षा इथे नीट लिहितो, म्हणजे जाणकारांना भर घालता येईल.

माझं म्हणणं असं की आपल्या सोलापुरावरून जाणारा 52 नंबरचा राष्ट्रीय महामार्ग एकदा शेवटपर्यंत चालवा. पंजाबात संगरूरला निघालेला हा रस्ता तुळजापूरवरून आपल्याकडे उतरतो आणि विजापूर, हुबळी, यल्लापूर करत अंकोल्याला संपतो. अंकोला उत्तर कन्नड जिल्ह्यात, अरबी समुद्राच्या काठावर. सोलापूरहून अंतर साधारण 440 किलोमीटर. तुळजाभवानीला आणि गोलघुमटाला आपण आयुष्यभर याच रस्त्याने जातो, पण तोच पुढे समुद्राला नेतो हे फार थोड्यांच्या लक्षात येतं.

आणि तिकडे गेलात तर किनाऱ्यापेक्षा जंगलाला जास्त वेळ द्या. बहुतेक जण घाट कधी एकदा उतरतोय म्हणत गाडी पळवतात आणि वाळूवर जाऊन बसतात. वाळू छानच आहे, पण या वाटेवर सगळ्यात मोलाचं जे आहे ते यल्लापूर, सिरसी, होन्नावर या पट्ट्यात आहे.

आता वाट. टाकळीला भीमा ओलांडली की कर्नाटक. शंभर किलोमीटरवर विजापूर. पुढे कोल्हारला कृष्णेचा लांबलचक पूल लागतो, तिथे आलमट्टीचं पाणी पसरलेलं असतं. मग केरूर, नरगुंद, नवलगुंद. हा सगळा काळ्या रानाचा पट्टा, नोव्हेंबरात ज्वारी, हरभरा, कापूस. नवलगुंदचे हातमागावरचे जमखाने प्रसिद्ध आहेत, त्यांना भौगोलिक मानांकन आहे. चादरीच्या गावचे आपण, तेव्हा तिथे थांबून माग बघावा असं मला मनापासून वाटतं. हुबळीपर्यंत डोळ्यांना आपलाच मुलूख वाटत राहतो.

हुबळी सोडली की बदल सुरू होतो. कलघटगीच्या पुढे सागाची झाडं, शेतं लहान होत जातात, माती काळ्याची तांबडी होते. यल्लापूर आलं की सुपारीच्या बागा दिसू लागतात. तिथून पुढे अरबैल घाट. काच खाली करून हळू चालवा. पानगळीचं जंगल मागे पडतं आणि वर्षभर पान न गाळणारी झाडं दोन्ही बाजूंनी जवळ येतात. एखाद्या ओढ्यापाशी गाडी बाजूला घेऊन एकच झाड निरखून बघा. बुंध्यावर ओलं शेवाळ, शेवाळात नेचे, वरच्या फांदीच्या बेचक्यात आमरी (ऑर्किड), तिच्या मुळांशी साचलेल्या पालापाचोळ्यात मुंग्यांचं घर. बुंध्याला वेढलेला वेल एवढा जाड की झाड कुठलं आणि वेल कुठला हे ठरवायला वर मान करून शेंडा शोधावा लागतो.

या घाटात रस्त्याच्या सोबतीला नदीही आहे. धारवाडजवळ उगम पावणारी बेडती इथून पश्चिमेला जाते आणि खाली गंगावळी या नावाने समुद्राला मिळते. यल्लापूरजवळ मागोडला ती साधारण दोनशे मीटर खाली कोसळते. धबधब्याच्या समोरच्या कड्यावर बघायची जागा आहे. सकाळी तिथे धुकं असतं, त्यामुळे जरा उन्हं वर आल्यावर जा.

आपल्याकडे पाऊस पाचशे ते सातशे मिलिमीटर, तोही बराचसा सप्टेंबरच्या परतीच्या सरींचा. सह्याद्रीच्या माथ्यावरच्या आगुंब्याला सात हजारांच्या वर. समुद्रावरून आलेले ढग डोंगराला अडून वर चढतात, थंड होतात आणि तिथेच रिकामे होतात. उरलेलं कोरडं वारं आपल्या वाट्याला येतं. सोलापूरचा दुष्काळ आणि तिथलं जंगल एकाच डोंगराने घडवलंय. ही गोष्ट आपण शाळेत शिकतो, पण एका दिवसात, एकाच रस्त्यावर ती डोळ्यांनी दिसते, आणि मुलांना दाखवावी अशी आहे.

माझा सुचवलेला क्रम: पहिला मुक्काम यल्लापूर किंवा सिरसी, तिथे किमान दोन रात्री. मग याण, गोकर्ण किंवा कुमटा, होन्नावर. होन्नावरहून वर जोग. वेळ असेल तर मुरुडेश्वर, मरवंते आणि आगुंबे. परतताना तीर्थहळ्ळी, शिमोगा, हुबळी. ऑक्टोबर अखेर ते डिसेंबरचा मध्य हा काळ उत्तम.

शेंगाचटणी

होटगीकर दादा, धागा काढलात ते लई बरं झालं. आमच्या घरी हाच वाद चाललाय. आम्ही चौघं आणि सासूबाई, वय अडुसष्ट, गुडघे दुखतात. धाकटीला घाटात उलट्या होतात. सासूबाई शुद्ध शाकाहारी, कांदा-लसूणही मोजकाच. इतक्या लांब त्यांचं खाण्याचं जमेल का? आणि किती दिवस लागतील?

होटगीकर

ताई, सहा दिवस असतील तर सिरसी, होन्नावर, जोग एवढंच करा आणि आगुंबे सोडून द्या. आठ-नऊ दिवस असतील तर आगुंबे धरा. पाच दिवसांत सगळं करायला गेलात तर दिवसभर गाडीतच बसून राहाल, आणि सासूबाईंच्या गुडघ्यांना ते सोसणार नाही.

खाण्याची काळजी अजिबात नको. सिरसी-यल्लापूरकडे हव्यक ब्राह्मणांची वस्ती मोठी आहे, त्यांचा स्वयंपाक पूर्ण शाकाहारी. तिथली तंबळी सासूबाईंना आवडेल. पालेभाजी किंवा रानपाला वाटून ताकात कालवतात, वरून जिऱ्याची फोडणी. भातावर घ्यायची. कच्च्या लहान आंब्यांचं अप्पेमिडी लोणचं तर घरी घेऊनच या.

आणखी एक गोष्ट मुलांना आवर्जून दाखवा, तोडदेवु. उसाच्या हंगामात करतात. चुलीवर खास मडकं उपडं ठेवलेलं असतं, खाली जाळ. उसाच्या रसात कालवलेलं तांदळाचं पातळ पीठ, त्यात कापड बुडवायचं आणि मडक्याच्या पाठीवरून एका झटक्यात ओढायचं. क्षणात कडा सुटतात. कागदासारखा पातळ पापुद्रा निघतो, त्याला तुपाचा हात लावून गरम असतानाच घडी घालतात. थंड झाला की मोडतो, म्हणून करणाऱ्या बाईंचे हात एक पळही थांबत नाहीत. उसाचा जिल्हा आपला, कारखाने एवढे, पण उसाच्या रसाचं असं काही आपल्याकडे मी पाहिलेलं नाही.

डबल_डेक्लच

गाडीबद्दल मी सांगतो, कारण हा रस्ता माझ्या धंद्याचा आहे.

हुबळी ते अंकोला ट्रकची वर्दळ प्रचंड. अरबैल घाटात अंधार पडल्यावर शिरू नका. सोलापूरहून पहाटे निघालात तर दुपारी यल्लापूर येतं, तिथे मुक्काम करा आणि घाट दुसऱ्या दिवशी सकाळी उतरा. उतरताना ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही. ज्या गिअरने चढाल त्याच गिअरने उतरायचं. ब्रेकचा वास आला तर गाडी लावा, अर्धा तास चहा प्या. चाकांवर पाणी मारू नका.

धाकटीच्या उलट्यांसाठी: तिला मागे मधल्या सीटवर, पुढची काच दिसेल अशी बसवा, मोबाईल हातात देऊ नका, घाटाआधी पोटभर खायला घालू नका. आणि चालवणाऱ्याने वळणावर गचका द्यायचा नाही. निम्म्या उलट्या चालवणाऱ्यामुळे होतात.

आगुंब्याचा घाट वेगळा. चौदा वळणं, एकेक इतकं आवळलेलं की मोठ्या गाडीला एका दमात घेता येत नाही. अवजड वाहनांना तिथे बंदी आहे. वर चढणाऱ्याला आधी वाट द्यायची, हॉर्न वाजवून वळायचं. आणि तिथल्या माकडांसाठी वळणावर गाड्या थांबवणारे लोक हा त्या घाटातला सगळ्यात मोठा धोका.

जून ते सप्टेंबर मी तरी कुटुंब घेऊन जा म्हणणार नाही. 16 जुलै 2024 ला अंकोल्याजवळ शिरूरला डोंगर कोसळला, हायवेलगतचं चहाचं हॉटेल, उभी वाहनं थेट गंगावळीत गेली. माणसं गेली. त्या रस्त्यावर चहा प्यायला थांबलेले आमच्या धंद्यातले कितीतरी लोक आहेत. पावसात डोंगर कापलेल्या जागेखाली गाडी उभी करायची नाही, मग कितीही झोप येऊ दे.

जुळे_सोलापूर

माहिती चांगली आहे, पण मला मुळात प्रश्न पडतो की एवढं लांब का जायचं? आंबोली आहे की आपली. सांगोला, मिरज, कोल्हापूर, आजरा करत आंबोली, तिथून सावंतवाडी, वेंगुर्ला, मालवण. पाऊस तिथेही सात हजारांच्या घरात. जंगल आहे, हिरण्यकेशीचा उगम आहे, खाली स्वच्छ किनारे आहेत. मराठी मुलूख, मराठी पाट्या. आपला पैसा आपल्या कोकणातल्या माणसाच्या हातात पडतो. सिंधुदुर्ग किल्ला सोडून मुरुडेश्वरचा शंकराचा पुतळा बघायला जाण्यात मला अर्थ दिसत नाही.

होटगीकर

आंबोलीला जरूर जावं. मालवणचं पाणीही सुंदर. पण माझं म्हणणं त्या सलग बदलाबद्दल आहे. आपल्याच हायवेवरून, रस्ता न सोडता, काळ्या रानातून सदाहरित जंगलात जाणं. कोल्हापूरच्या वाटेवर मध्ये ऊस आणि शहरं इतकी आहेत की तो बदल डोळ्यांत भरत नाही. शिवाय भाषेचं म्हणाल तर निम्म्या सोलापूरला कन्नड येतं. माझी आजी तर बाजारहाट कन्नडमध्येच करायची. विजापूरच्या पुढे परक्या मुलखात आलोय असं मला कधी वाटलं नाही.

माळरानी

दोघांचंही पटतंय, फक्त जंगलाबद्दल थोडी भर घालते. मी सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानावर पक्षी बघणारी, त्यामुळे तिकडे गेल्यावर पहिला दिवस नुसती भांबावून जाते. माळावर नजर क्षितिजापर्यंत जाते, तिथे पाच पावलांवर अडते.

आंबोलीत पाऊस तेवढाच पडतो, पण तो चार महिन्यांत पडून जातो आणि मग लांब कोरडा काळ. दक्षिणेला सरकत जाल तसा कोरड्या महिन्यांचा काळ कमी होतो, म्हणून तिकडची सदाहरित झाडं जास्त उंच आणि जास्त प्रकारची. एकूण पावसाइतकंच पाऊस किती महिने पुरतो यावर जंगल ठरतं. आंबोलीचं वैभव वेगळं आहे. तिथले जांभ्या दगडाचे सडे, म्हणजे सपाट पठारं, पावसाळ्यात त्यावर फुलणारी इवली झुडपं, आणि हिरण्यकेशीच्या उगमाच्या कुंडात सापडणारा तो लहानसा मासा. त्या माशासाठी 2021 मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. तेव्हा एक दुसऱ्याच्या बदली नाही.

होन्नावरहून जोगला चढताना गेरसोप्प्याचा घाट लागतो. तिथे कत्तलेकान नावाचा जंगलाचा तुकडा आहे आणि त्यात रानजायफळाच्या दलदली आहेत. उथळ पाण्यात, काळ्या चिखलात ही झाडं उभी असतात. त्यांची मुळं चिखलातून वर येतात, हवा घेतात आणि परत चिखलात शिरतात. फार जुन्या प्रकारचं जंगल आहे हे, आणि सुपारी-भातासाठी अशा बहुतेक दलदली बुजवल्या गेल्या, म्हणून उरलेल्या तुकड्यांचं मोल जास्त. आत पाय घालू नका, वनखात्याची परवानगी लागते आणि पावलांनी ती मुळं दुखावतात. रस्त्यावरूनही अंदाज येतो.

त्याच घाटात सिंहपुच्छ वानर दिसतात. काळं अंग, चेहऱ्याभोवती राखाडी आयाळ, शेपटीला गोंडा. जगात फक्त पश्चिम घाटात, आणि हा त्यांच्या वस्तीचा उत्तरेकडचा टोकाचा भाग. अघनाशिनीच्या खोऱ्यात त्यांच्यासाठी संवर्धन राखीव क्षेत्र केलेलं आहे. हा प्राणी झाडाच्या शेंड्यावरचा. रस्त्यावर उतरतो तो केवळ गाडीतून कुणी केळं, बिस्किट फेकतं म्हणून, आणि मग चाकाखाली येतो. मुलांनी कितीही हट्ट केला तरी काही टाकू नका. हात जोडून सांगते.

शेंगाचटणी

माळरानी ताई, वाचताना अंगावर काटा आला. पण आगुंब्याला नागराज, म्हणजे किंग कोब्रा, असतो म्हणे? नेटवर फोटो बघून धाकटी आत्ताच नाही म्हणायला लागलीय. आणि जळवांचं काय करायचं?

माळरानी

असतो, आणि तो दिसला तर भाग्य समजायचं. आगुंब्यात रोम्युलस व्हिटेकर यांनी 2005 मध्ये वर्षावन संशोधन केंद्र सुरू केलं, तिथे नागराजावर काम चालतं. तो मुख्यत्वे इतर सापच खातो. माणसाच्या वाट्याला जात नाही, चाहूल लागली की निघून जातो. त्याची मादी पालापाचोळा अंगाने ओढून घरटं करते आणि अंडी राखते. सापांमध्ये असं घरटं करणारी हीच एक जात. धाकटीला ही गोष्ट सांगा, भीती जाऊन उत्सुकता येईल. फक्त अंधारात टॉर्चशिवाय पाऊल टाकायचं नाही, पालापाचोळ्यात हात घालायचा नाही, बूट झटकून घालायचे.

जळवा पावसात आणि नंतरही काही आठवडे असतात. पँट मोज्यांत खोचा, मोज्यांवर तंबाखूचं पाणी किंवा मीठ चोळा. चिकटली तर ओढू नका. नखाने तिच्या तोंडाकडची बाजू सरकवा, सुटते. रक्त थोडा वेळ वाहतं, घाबरायचं नाही. डिसेंबरात तशा कमी होतात.

सुपारीच्या बागेत राहायला मिळालं तर बुंध्यांकडे लक्ष ठेवा. सालीच्या रंगाचा एक सरडा बुंध्याला चिकटून बसलेला असतो, गळ्याखालची पिवळी पट्टी मधूनच उघडमीट करतो. तो उडता सरडा. बरगड्यांवरचे पडदे पसरून एका झाडावरून दुसऱ्यावर तरंगत जातो. हे बघायला जंगलात शिरावंही लागत नाही, ओसरीवर चहा पिता पिता दिसतं.

अण्णा_बाळीवेस

मुलांनो, वाचतोय. सिरसीला जाणार असाल तर सहस्रलिंग चुकवू नका. गावापासून पंधरा-सतरा किलोमीटरवर शाल्मला नदीच्या पात्रात खडकाखडकावर शिवलिंगं कोरलेली आहेत, समोर नंदी. सिरसीचा राजा सदाशिवराय याच्या काळातली, म्हणजे 1678 ते 1718 च्या दरम्यानची. पाणी ओसरलं की वर येतात, पावसाळ्यात बुडतात. सिद्धरामेश्वरांनी आपल्या गावाभोवती अडुसष्ट लिंगं स्थापली, त्यांची प्रदक्षिणा आपण दर गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेला, बघत आलो. वाहत्या पाण्याने अभिषेक होणारी ती लिंगं पाहताना सोलापूरच्या माणसाला हात जोडावेसे वाटणारच.

जाताना थोडी वाट वाकडी करून कूडलसंगमालाही जा. कृष्णा आणि मलप्रभेचा संगम, बसवण्णांचं ऐक्यस्थळ, म्हणजे समाधीची जागा. शेंगाचटणी ताईंच्या सासूबाईंना बरं वाटेल. गुडघेदुखीसाठी सांगतो: सहस्रलिंगाला पायऱ्या उतराव्या लागतात, आणि पात्रातले खडक निसरडे असतात. त्यांना वरून दर्शन घ्यायला सांगा.

आणि सिरसीजवळच्या साळकणीच्या जंगलात 1983 मध्ये गावकऱ्यांनी झाडांना मिठ्या मारून तोड थांबवली होती. पांडुरंग हेगडे यांच्या पुढाकाराने झालेलं ते अप्पिको आंदोलन. आज जे हिरवं दिसतंय त्यात त्या बायाबापड्यांचा वाटा आहे. जंगल आपोआप उरलेलं नाही, हे नातवंडांना सांगा.

कारवारी_माहेर

माझं माहेर कारवारजवळ, सासर सोलापूर. त्यामुळे हा धागा दोन्ही घरांचा वाटतोय. किनाऱ्याचं मी लिहिते, आणि आधी जे कुणी लिहीत नाही ते.

सोलापूरची माणसं विहिरीत, तलावात पोहायला शिकलेली असतात आणि समुद्रात बिनधास्त शिरतात. विहिरीचं पाणी जागेवर असतं, समुद्राचं नसतं. किनाऱ्याला आलेलं पाणी परत जायला एखादी वाट पकडतं आणि त्या वाटेत उभा असलेला माणूस आत ओढला जातो. बाहेरून ती जागा उलट शांत दिसते, लाटा तिथे कमी फुटतात, म्हणून लोक नेमके तिथेच उतरतात. ओढ लागली तर किनाऱ्याकडे जोर लावून पोहू नका, दमून जाल. किनाऱ्याला समांतर पोहा, ओढ संपली की मग बाहेर या. 2024 च्या डिसेंबरात मुरुडेश्वरला शाळेच्या सहलीतल्या चार मुली बुडाल्या. आमच्याकडे प्रत्येक गावात अशी आठवण आहे. लाल झेंडा असेल, शिट्टी वाजली, तर वाद न घालता बाहेर या. जीवरक्षक नसलेल्या निर्जन किनाऱ्यावर गुडघ्यापर्यंतच.

आता गोड भाग. होन्नावरजवळ कासरकोडचा किनारा 2020 मध्ये ब्लू फ्लॅग (स्वच्छ, सुरक्षित किनाऱ्यांचं आंतरराष्ट्रीय मानांकन) मिळालेल्या भारतातल्या पहिल्या किनाऱ्यांपैकी. कपडे बदलायची सोय, स्वच्छता, जीवरक्षक सगळं आहे, मुलांसाठी तोच निवडा. शरावतीच्या खाडीत खारफुटीतून लाकडी पूल बांधलाय, त्यावरून आजीही सहज चालतील. ओहोटीला पुलाखाली चिखलात खेकडे आणि निवट्या (चिखलावर सरपटणारे लहान मासे) बघायला मिळतात.

गोकर्णात महाबळेश्वराचं दर्शन पहाटे घ्या. ओम बीचवर गर्दी असते, कुडले त्या मानाने निवांत. पण माझा जीव अघनाशिनीच्या मुखाशी आहे. ही नदी उगमापासून समुद्रापर्यंत एकही धरण न होता वाहते. त्यामुळे जंगलातला गाळ खाडीत येतो आणि तिसऱ्या, कालवं असे शिंपले भरपूर होतात. ओहोटीला बायका कमरेइतक्या पाण्यात उभ्या राहून पायांनी चाचपत शिंपले काढतात. भरतीचं खारं पाणी सोसणारा कग्गा नावाचा भात तिथे पिकतो, खाडीकाठच्या गजनीच्या शेतात. जवळच सानिकट्ट्याची मिठागरं. वर जंगल आणि खाली हे सगळं, हा एकच संसार आहे, म्हणून होटगीकर दादांचं म्हणणं मला पटतं. वरचं जंगल बघून खाली आलात तर ताटातल्या तिसऱ्यांचीही चव वेगळी लागेल.

मासे खाणाऱ्यांसाठी: जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद असते, ऑक्टोबरनंतर बांगडा, इसवण, लेपो ताजे मिळतात. मोठ्या हॉटेलांपेक्षा दुपारी स्थानिक लोक जिथे जेवतात तिथे जा. आधी दर विचारून घ्या, आम्हीही विचारतो.

भुईकोट

कारवारी ताई, उत्तम. जुळे_सोलापूर यांच्यासाठी एक मुद्दा, कारण ते हा मुलूख आपला नाही म्हणतात. फेब्रुवारी 1665 मध्ये शिवाजी महाराज मालवणहून 85 गलबतं आणि 3 मोठी जहाजं घेऊन याच किनाऱ्यावर बसरूरला आले. हे कुंदापूरजवळचं त्या काळचं श्रीमंत बंदर. महाराजांची स्वतःची समुद्रावरची स्वारी म्हणून ती ओळखली जाते. परतताना गोकर्णाला तीर्थस्नान, मग अंकोला, मग कारवार. कारवारला इंग्रजांची वखार होती, त्यांनाही खंडणीत वाटा द्यावा लागला. म्हणजे तुम्ही अंकोल्याला उतरून गोकर्णाला जाल तेव्हा महाराजांच्याच वाटेवर असाल, फक्त उलट्या दिशेने.

कुमट्याजवळ मिरजानचा किल्लाही बघा. जांभ्या दगडाचा, पावसाळ्यानंतर तटांवर हिरवळ चढलेली. गेरसोप्प्याची राणी चेन्नभैरादेवी हिच्याशी त्याचा संबंध सांगतात. पोर्तुगीज तिला मिरीची राणी म्हणायचे. त्या मिऱ्यांचे वेल आजही सिरसीच्या सुपारीवर चढलेले दिसतील.

जुळे_सोलापूर

बसरूरची स्वारी माहीत होती, पण परतीची वाट अशी जोडून कधी पाहिली नव्हती. ठीक आहे, एकदा जाऊन येतो. मरवंतेला एका बाजूला नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र, मधून हायवे, असा फोटो बघितलाय. तो खराच तसा आहे का?

डबल_डेक्लच

खराच आहे. एका अंगाला सौपर्णिका, दुसऱ्या अंगाला समुद्र. पण तो 66 नंबरचा हायवे आहे, गाड्या सुसाट येतात. फोटोसाठी रस्ता ओलांडू नका. गाडी बाजूला पूर्ण आत घ्या आणि समुद्राच्या बाजूलाच उतरा.

कडकभाकरी

आमच्याकडे गाडी नाही. मी आणि मैत्रीण जाणार आहोत. एसटीने जमेल का?

कारवारी_माहेर

जमेल की. मी लग्नानंतर बरीच वर्षं माहेरी अशीच जात होते. सोलापूरहून हुबळीपर्यंत रेल्वे आहे, आणि हुबळीच्या स्टँडवरून सिरसी, अंकोला, कारवारला कर्नाटकच्या लाल बसेस दिवसभर सुटतात. खिडकीची जागा धरा, घाट बसमधून आणखी उंचावरून दिसतो. खाली उतरल्यावर अंकोला, गोकर्ण रोड, कुमटा, होन्नावर, मुरुडेश्वर ही सगळी कोकण रेल्वेची स्टेशनं. याणला मात्र बस क्वचित, कुमट्याहून किंवा सिरसीहून रिक्षा-टॅक्सी ठरवा आणि परतीची वेळ आधीच बोलून ठेवा. शेवटचं अंतर जंगलातून चालायचं आहे. दोन मोठे काळे सुळके, मोठा 120 मीटरचा. त्याच्या पोटातल्या कपारीत भैरवेश्वराचं स्थान. अंधार पडायच्या आत बाहेर या.

आणि नोव्हेंबरनंतर गेलात तर कुठे यक्षगान, म्हणजे तिकडचं नाचगाण्याचं लोकनाट्य, आहे का विचारा. मेळे गावोगाव फिरत असतात. भाषा कळली नाही तरी चंडा हा ढोल आणि पायांचा ठेका कळतो. काही खेळ रात्रभर चालतात, शाल न्या.

शेंगाचटणी

ठरलं आमचं. दिवाळीचा पाडवा घरी करून निघतो. कूडलसंगम, सिरसीत दोन रात्री, कासरकोड दोन, मध्ये एक दिवस जोग, आणि परत. आगुंबे पुढच्या वेळी. सासूबाई सहस्रलिंगाचं ऐकून स्वतःच तयारीला लागल्यात. कडक भाकरी आणि चटणी बांधून घेते आहे. जोगला तेव्हा पाणी असेल ना?

होटगीकर

ताई, शरावती वर लिंगनमक्कीच्या धरणात अडवलेली आहे, त्यामुळे जोगचं पाणी पाऊस आणि धरण दोन्हींवर अवलंबून. ऑक्टोबरच्या अखेरीला राजा, राणी, रोअरर, रॉकेट या चारही धारा सहसा दिसतात, पावसाळ्याएवढ्या भरून नसतात. 253 मीटरचा कडा आहे, पाणी बारीक असलं तरी डोळे फिरतात. सासूबाईंना खाली उतरायच्या पायऱ्यांकडे नेऊ नका, वरच्या सज्जातून पूर्ण धबधबा दिसतो. तिथून कासरकोडला परतताना कत्तलेकानचा टप्पा दुपारी चारच्या आत पार करा, म्हणजे वानरं दिसायची शक्यता आणि उजेड दोन्ही मिळतील.

कूडलसंगम धरलंय म्हणजे पहिल्या दिवशी सिरसी लांब पडेल. हुबळीत मुक्काम टाका, संध्याकाळी मुलांना गिरमिट आणि मिरची भजी खाऊ घाला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कलघटगीच्या रस्त्याला लागा.